जिवंत पकडण्याचा पिंजरा: शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यातील एका उपायाचा इतिहास

१

उपद्रवी प्राण्याला ठार न मारता पकडावे आणि माणसाच्या वाटेतून दूर न्यावे, ही कल्पना आधुनिक राज्यव्यवहारात दयाबुद्धीचे लक्षण समजली जाते. बंदुकीपेक्षा पिंजरा बरा, असे सर्वसामान्य मत आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, विशेषतः शिरूर व दौंड या तालुक्यांत, बिबट्याच्या संदर्भात या कल्पनेला गेल्या पंचवीस वर्षांत लोखंडी पिंजऱ्याचे मूर्त रूप आले आहे. गावाच्या शिवारात बिबट्या दिसला की ‘पिंजरा लावा’ ही पहिली मागणी होते, आणि पिंजरा आला म्हणजे शासनाने काही केले, असे समाधान गावाला लाभते. हा पिंजरा येथे कसा आला, त्याच्यामागे कोणती समजूत होती, आणि ती समजूत अनुभवाच्या कसोटीस कितपत उतरली, याचे विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय केवळ वन्यजीवशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवून चालणार नाही. १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ या तीन आठवड्यांच्या अवधीत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील दोन लहान मुले होती. त्यानंतर लोकांनी रस्ते अडविले, पिंजऱ्यांची संख्या वाढविण्यात आली, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका बिबट्याला गोळी घालून मारण्यात आले. शेतात जाताना गळ्याभोवती खिळ्यांचे पट्टे बांधणारी पिंपरखेडची माणसे त्या दिवसांत सर्व देशाने पाहिली. पूर्वी मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा बांधीत. तो माणसाने आपल्या गळ्यात बांधावा, ही गोष्ट ज्या परिस्थितीत घडते, त्या परिस्थितीची पूर्वपीठिका तपासणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचेही कर्तव्य आहे.

२

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतात. आहुपे परिसरात उगम पावून येणारी घोड नदी शिरूरला वळसा घालून पुढे भीमेस मिळते. शिरूर गावाला लोक आजही ‘घोडनदी’ म्हणतात. नद्यांच्या काठची काळी जमीन सोडली तर उरलेला प्रदेश माळरानाचा, ज्वारी-बाजरीचा आणि मेंढरांचा. १८७५ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जो उठाव केला, तो भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सुरू झाला आणि शिरूर तालुक्यातही पसरला. त्यापाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. त्या काळच्या कागदपत्रांत या प्रदेशाचे जे चित्र उमटते, ते पाण्याविना कर्जात बुडालेल्या कोरडवाहू शेतीचे आहे. अशा उघड्या माळावर लांडगा, कोल्हा, तरस, काळवीट आणि चिंकारा यांना आसरा होता. दाट आडोशात राहून सावज साधणाऱ्या बिबट्याचे ठाणे पश्चिमेकडील डोंगरांत होते.

हे चित्र पाण्याने पालटले. खडकवासल्याचे धरण १८७० च्या दशकात बांधले गेले आणि मुठा उजव्या कालव्याचे पाणी पाटस परिसरापर्यंत पोहोचले. पुढे नव्या मुठा कालव्याने दौंड व इंदापूर तालुक्यांना बारमाही पाणी दिले. शिरूरच्या बाजूस चिंचणी येथे घोड धरण झाले; वरच्या खोऱ्यात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली; आणि चासकमानच्या कालव्याने भीमेचे पाणी खेडमधून शिरूरात आणले. पाण्यामागून ऊस आला. प्रवरेच्या काठी १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याचा जो प्रयोग यशस्वी झाला, त्याचे अनुकरण करीत १९८० नंतरच्या दोन-अडीच दशकांत पाटसचा भीमा, न्हावऱ्याचा घोडगंगा, जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर असे कारखाने या टापूत गाळप करू लागले. मुळा-मुठा व भीमा यांच्या दरम्यानचे राहू-बेट तर गुऱ्हाळांसाठी प्रसिद्धच आहे.

या परिवर्तनाने कर्जबाजारी कोरडवाहू शेतकऱ्याला स्थैर्य दिले, हे विसरता कामा नये. परंतु त्याचा एक परिणाम कोणाच्याही योजनेत नव्हता. आडसाली ऊस जमिनीवर सोळा ते अठरा महिने उभा राहतो. सुरू हंगामाचा ऊस सुमारे वर्षभर. आणि तोडणीनंतर खोडवा पुन्हा वाढू लागतो. बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ सुमारे तीन महिन्यांचा असतो. म्हणजे एका आडसाली पिकाच्या आडोशात पिल्ले जन्मून, दूध सुटून, आईमागे हिंडू लागेपर्यंतचा सर्व काळ सामावतो. पाणी पाटात आहे, भक्ष्य वस्तीभोवती आहे. जवळच्याच अकोले तालुक्यातील शेतीप्रधान भागात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या दृष्टीने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. यावरून असे अनुमान निघते की उसातील बिबट्या हा रानातून वाट चुकून आलेला पाहुणा राहिलेला नाही. त्याच्या अनेक पिढ्या उसातच जन्मल्या आहेत.

येथे एक सांस्कृतिक भेदही ध्यानात घेण्याजोगा आहे. जुन्नर, आंबेगाव व अकोले यांच्या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी समाज वाघोबाला देव मानतो आणि वाघबारस पाळतो. हिंस्र पशूच्या शेजाराने राहण्याची काही जुनी रीत त्या समाजात आहे. पूर्वेकडील माळावरच्या शेतकऱ्याला आणि मेंढपाळाला लांडग्याची ओळख होती, त्याच्याशी कसे वागावे हे वाडवडिलांनी शिकविले होते. बिबट्याविषयीची अशी शिकवण त्यांना वारशाने मिळाली नाही. प्राणी एका पिढीच्या आत आला. त्याच्याविषयीचे शहाणपण तितक्या वेगाने येऊ शकले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जी वस्तू पुढे आली ती पिंजरा.

३

जिवंत पकडण्याची विद्या या प्रदेशाला सर्वथैव नवी नव्हती. फासेपारधी समाजाचे नावच फासावरून पडलेले आहे. तित्तिर-लावे आणि ससे यांसाठी लावलेल्या फाशांत प्राण्याच्या रोजच्या वाटा, त्याच्या पाण्याच्या वेळा आणि त्याचे भय यांचे सूक्ष्म ज्ञान गुंफलेले असे. इंग्रजी राजवटीने एकीकडे हिंस्र पशू मारणाऱ्यास बक्षिसे दिली, आणि दुसरीकडे गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांसारख्या समाजांवरच जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. प्राण्याची चाल ओळखणारी विद्या अशा रीतीने अप्रतिष्ठित झाली, आणि पुढे जेव्हा राज्यसंस्थेला जिवंत पकडण्याची गरज भासली, तेव्हा तिने लोखंडी साधन तेवढे घेतले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपविले. या कायद्याच्या अकराव्या कलमानुसार माणसाच्या जीविताला धोका ठरलेल्या प्राण्याविषयी मुख्य वन्यजीव रक्षकाला आदेश देता येतो. परंतु २००२ च्या दुरुस्तीने त्यावर असे बंधन घातले की, प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही अशी खात्री झाल्याखेरीज त्याला मारण्याचा आदेश देऊ नये. या तरतुदीचा हेतू निःसंशय उदात्त आहे. तथापि तिच्या शब्दयोजनेत पकडणे आणि अन्यत्र हलविणे ही कृत्ये वधाला दयाळू पर्याय म्हणून मांडली गेली आहेत, हे लक्षणीय होय. त्या पर्यायाची परीक्षा नेमकी त्याच वर्षांत जुन्नर विभागात चालू होती.

पिंजऱ्याची रचना साधी असते. लोखंडी गजांची लांबट पेटी, वर उचलून ठेवलेले सरकते दार, आत पाय पडताच दार सोडणारी फळी, आणि मागील बाजूस जाळीने वेगळा केलेला कप्पा. त्या कप्प्यात आमिष म्हणून शेळी किंवा कोंबडी ठेवतात. बिबट्याला ती दिसते, तिचा वास येतो, परंतु तिच्यापर्यंत त्याला पोहोचता येत नाही. या साधनात दयेला वाव कोठे आहे, हे पाहिले तर चार-दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. गजांमधील अंतर रुंद असेल तर प्राणी गज चावून सुळे मोडून घेतो व नखे उखडतो; भिंती भरीव असतील तर ही इजा कमी होते. दार पडल्यानंतर पिंजरा गोणपाटाने झाकला व सावलीत ठेवला तर प्राणी लवकर शांत होतो. उलट बघ्यांची गर्दी जमली तर तो धडका घेत राहतो. सुळे मोडलेला बिबट्या पुन्हा मोकळा सोडला तर त्याला शिकार करणे कठीण जाते. म्हणजे कारागिराच्या हातातील गजाचे अंतर आणि सरपंचाने आवरलेली गर्दी या दोन्ही गोष्टी दयेच्या हिशेबात येतात. परंतु हा सर्व विचार पिंजऱ्याच्या आतला झाला. बाहेरचा प्रश्न याहून मोठा आहे.

४

२००१ ते २००३ या तीन वर्षांत जुन्नर वनविभागात शंभराहून अधिक बिबटे पिंजऱ्यांत पकडण्यात आले. वनखात्याच्या रचनेनुसार जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे चार तालुके या विभागात येतात. दौंड तालुका मात्र पुणे विभागात मोडतो. बिबट्याला ही हद्द ठाऊक नसते, एवढे येथे नोंदवून ठेवू. पकडलेल्या बिबट्यांपैकी अनेकांना डोंगराकडील जंगलांत नेऊन सोडण्यात आले. सोडण्याची जागा पकडण्याच्या जागेपासून सरासरी सुमारे चाळीस किलोमीटर दूर होती. समजूत अशी की जंगल हे बिबट्याचे खरे घर, आणि तेथे पोहोचविणे म्हणजे त्याला व माणसाला दोघांनाही न्याय देणे.

विद्या अत्रेय, मॉर्टेन ओडेन, जॉन लिनेल व उल्हास कारंथ यांनी या प्रयोगाचा जो अभ्यास २०११ मध्ये ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, त्याचे निष्कर्ष या समजुतीला छेद देणारे आहेत. १९९३ ते २००१ या काळात त्या विभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. स्थलांतराची मोहीम सुरू झाल्यावर ही सरासरी सतरावर गेली. हल्ल्यांपैकी जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण अठरा टक्क्यांवरून छत्तीस टक्क्यांवर गेले. पूर्वी जेथे हल्ले विरळ होते अशा, सोडण्याच्या जागांच्या आसपासच्या गावांत ते वारंवार होऊ लागले.

याची कारणमीमांसा बिबट्याच्या जीवनक्रमात सापडते. प्रौढ बिबट्या आपला प्रदेश राखून असतो. त्यातल्या विहिरी, वाटा, कुत्री आणि माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला ठाऊक असतात, आणि माणसाला चुकविण्याची कला त्याला याच ओळखीतून साधते. त्याला उचलून नेले की त्याची जागा रिकामी राहत नाही. प्रदेशाच्या शोधात हिंडणारे तरुण बिबटे ती व्यापतात. नेलेला बिबट्या परक्या मुलखात, पकडले जाण्याच्या भयाने व इजेने बिथरलेला, परतीची वाट शोधू लागतो. टाकळी ढोकेश्वर हे पारनेर तालुक्यातील गाव शिरूरच्या सीमेपासून फार दूर नाही. तेथे २००९ मध्ये विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाद्वारे ठिकाण कळविणारा पट्टा बांधून, माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा बिबट्या जेथे सोडला तेथे न राहता महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या उत्तरेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. त्याने वाटेत कोणाला दुखविले नाही; परंतु सोडण्याची जागा माणसाने निवडली म्हणजे राहण्याची जागाही माणसाने निवडली असे होत नाही, हे त्याने सिद्ध केले.

पिंजऱ्याची आणखी एक मर्यादा आहे. त्याला व्यक्ती ओळखता येत नाही. हल्ल्यानंतर लावलेल्या पिंजऱ्यात जो बिबट्या सापडतो तो हल्ला करणाराच असेल, याची शाश्वती नसते. त्यामुळे निरुपद्रवी प्राणी जन्मभर बंदिवासात पडतो, आणि गावाला मात्र संकट टळल्याचा भास होतो. जुन्नर तालुक्यातील माणिकडोह येथे अशा बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. पण त्याची सामावून घेण्याची शक्ती मर्यादित आहे, आणि रिकाम्या होणाऱ्या उसाला ती मर्यादा नाही. या अनुभवानंतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. बिबट्या नुसता दिसला म्हणून पकडू नये आणि पकडून दूर सोडणे टाळावे, असा त्यांचा रोख होता. ती तत्त्वे कागदावर राहिली आणि पिंजऱ्याची मागणी शिवारात राहिली.

५

ऊस, उपद्रव आणि सापळा हे त्रिकूट केवळ आपल्याकडचे नाही. त्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांताचे आहे. आपल्या शेतकऱ्याला उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी चांगलीच परिचित आहे. क्वीन्सलँडच्या उसाला तशाच जातीच्या अळीने ग्रासले होते. तिच्यावर उपाय म्हणून १९३५ मध्ये हवाई बेटांवरून मूळच्या दक्षिण व मध्य अमेरिकेतील मोठ्या भेकाच्या सुमारे शंभर नगांची आयात साखर संशोधन केंद्रामार्फत झाली. भेकांनी हुमणीचा नाश केला नाही. कारण अळी जमिनीखाली असते आणि भुंगेरा उसाच्या शेंड्यावर बसतो. विषारी कातडीचा हा प्राणी मात्र वाढत पसरत २००१ मध्ये काकाडू राष्ट्रीय उद्यानात व २००९ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पोहोचला, आणि त्याला खाऊन तेथील कित्येक मूळ मांसभक्षक प्राणी मेले. आपल्या अंगणातील साधा भेकही मादागास्करच्या तोआमासिना बंदराभोवती २०१४ पासून असाच परका उपद्रवी ठरला आहे.

त्या भेकांसाठी प्रथम दिव्याच्या प्रकाशाने किडे आणि किड्यांमागून भेक ओढणारे सापळे झाले. परंतु एक मादी एका वेळी हजारो अंडी घालते. प्रौढ पकडून संख्या हटेना. पुढे रॉबर्ट केपन व रिचर्ड शाइन यांच्या संशोधकगटांना असे आढळले की या जातीची पिल्ले-डिंभके आपल्याच जातीच्या अंड्यांतील विषाकडे खेचली जातात व ती अंडी खातात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधावरून, त्याच विषाचे आमिष लावून डिंभके तेवढी पकडणारा सापळा तयार झाला. इतर बेडकांची पिल्ले त्यात सहसा येत नाहीत. पकडलेल्या प्रौढ भेकाला वेदनारहित मृत्यू कसा द्यावा, याचाही तेथे गंभीर विचार झाला.

या दोन उदाहरणांतील भेद निर्णायक आहे. क्वीन्सलँडचा भेक परका होता, आणि तो काढला तर त्याची जागा भरून काढणारा दुसरा भेक नसावा, हेच उद्दिष्ट होते. शिरूरचा बिबट्या परका नाही; त्याला उसाने घर दिले आहे, आणि एकाला काढले तर दुसरा येतो. तरीही एक सूत्र दोहोंना समान आहे. सापळा प्राण्याच्या जीवनक्रमाच्या ज्ञानावर रचला तर तो उपयोगी पडतो. भयावर रचला तर तो नवा उपद्रव निर्माण करतो. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब व बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे झाडून गोळा करणारा आपला शेतकरी हे सूत्र स्वतःच्या अनुभवाने जाणतो.

६

जुन्नर विभागातच या ज्ञानाचे एक विधायक उदाहरण घडले आहे. ऊसतोडणीच्या हंगामात फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. पूर्वी ती उचलून नेली जात, आणि पिल्ले हरवलेली आई त्या शिवारात बिथरून हिंडे. आता वनकर्मचारी व पशुवैद्य पिल्ले तपासून, सापडली त्याच जागी, संध्याकाळी एका उघडता येण्याजोग्या खोक्यात ठेवतात. रात्री आई येऊन ती घेऊन जाते. या खोक्याला आमिषही आहे आणि भिंतीही आहेत, परंतु त्याचे काम कोंडण्याचे नाही. त्याने माणसाचा धोका कमी केला, कारण त्याची योजना मादीच्या स्वभावाला धरून आहे.

याच दिशेने पाहता खरा उपाय पिंजऱ्याच्या बाहेर पसरलेला दिसतो. ऊसतोड मजुरांच्या कोप्या आणि मेंढपाळांचे वाडे उघड्यावर फडाच्या कडेला असतात. तेथे झोपणाऱ्या मुलाला भक्कम आडोसा हवा. शेतीला वीज रात्री मिळाली की शेतकऱ्याला पाणी धरण्यासाठी अंधारात उसात शिरावे लागते; दिवसा वीज मिळावी ही या तालुक्यांतील मागणी म्हणूनच जीविताशी निगडित आहे. उघड्यावर फेकलेला कचरा व मेलेली जनावरे यांवर कुत्री पोसली जातात, आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो. माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या एखाद्या प्राण्याला दूर करणे, प्रसंगी मारणे, अटळ ठरू शकते. पिंपरखेडच्या आईबापांना दयेवर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तो अपवादाचा मार्ग नित्याचा झाला, तर २००१ ते २००३ चा अनुभव पुन्हा वाट्यास येण्याची भीती आहे.

या विषयाचा इतिहास अजून लिहावयाचा आहे. त्याची साधने विखुरलेली आहेत: वनखात्याचे पंचनामे, कारखान्यांच्या ऊसनोंदी, पाटबंधारे खात्याची सिंचनक्षेत्राची पत्रके, आणि ज्या पिढीने आपल्या शिवारात पहिला बिबट्या पाहिला तिच्या आठवणी. यांतील शेवटचे साधन सर्वांत नाशवंत आहे. घोड आणि भीमेच्या काठची ती माणसे आज वृद्ध झाली आहेत. गावोगावी पहिला ऊस केव्हा लागला आणि पहिला बिबट्या केव्हा दिसला, या दोन सालांची नोंद एकमेकांशेजारी मांडण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतले, तर पिंजरा कोठे ठेवावा यापेक्षा तो ठेवण्याची वेळ का आली, या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी देता येईल.